लहान मोटारसायकलवरून सातारच्या आडवाटा : गाडी, तयारी आणि चालवण्याची रीत

सातारा जिल्ह्यात मोटारसायकल घेऊन आडवाटेला जायचे ठरवले की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो इंजिनाच्या सीसीचा. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून दिवसभर एकाच वेगाने जायचे असेल तर तो प्रश्न रास्तही आहे. परंतु कास ओलांडून बामणोलीकडे उतरणारे अरुंद वळणांचे रस्ते, पाटण खोऱ्यात वाड्यावस्त्यांना जोडणारे मुरमाचे रस्ते, जावळीतील ओढ्यांवरचे फरशी पूल आणि माण-खटावच्या माळावरून जाणाऱ्या पाणंदी या ठिकाणी गाडीची ताकद क्वचितच कमी पडते. तेथे अडते ते वजनापाशी. म्हणून या लेखात मी गाडीची निवड, तिची तयारी, चालवण्याचा सराव आणि वाटांची पारख या सर्व गोष्टी वजनाच्या अंगाने मांडणार आहे. आडवाटेवर एकट्या माणसाला पडलेली गाडी उचलता आली पाहिजे आणि पुढे वाट संपली असेल तर जागच्या जागी वळवून परत आणता आली पाहिजे, ही माझ्या मते गाडीची खरी परीक्षा होय.

वजनाचे गणित

हिरो स्प्लेंडरचे पेट्रोलसह वजन सुमारे ११२ किलो भरते. २०११ साली आलेली आणि आता बंद झालेली हिरो इम्पल्स १५० ही गाडी १३४ किलोची होती. आडवाटेच्या इतर गाड्यांपैकी कावासाकी केएलएक्स २३० साधारण १३९ किलोची, हिरो एक्सपल्स २०० ४व्ही साधारण १५८ किलोची, तर रॉयल एन्फील्ड हिमालयनची ४११ सीसीची, आता बंद झालेली जुनी गाडी १९९ किलोच्या घरातली आहे. परदेशी बनावटीच्या १२५० सीसीच्या गाड्या अडीचशे किलोच्या आसपास जातात. कागदावर एक्सपल्स आणि हिमालयन यांच्यात चाळीस किलोंचाच फरक दिसतो. परंतु गाडी उतारावर, ओल्या मुरमात, चाके वरच्या अंगाला करून आडवी झाली की तेच चाळीस किलो गाडी एकट्याने उभी होणार की मदतीची वाट पाहत बसावे लागणार हे ठरवतात. शिवाय जड गाडी घसरू लागली की ती पायाने सावरता येत नाही आणि सावरायला गेल्यास घोटा किंवा गुडघा दुखावतो. हलकी गाडी अशा वेळी माणसाला चूक सुधारायला थोडी सवड देते.

नवी गाडी घ्यायलाच हवी असे मात्र नाही. घरातली शंभर ते दीडशे सीसीची, इंजिन ठणठणीत असलेली साधी गाडी घेऊनही या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक आडवाटा व्यवस्थित पार करता येतात, आणि डोंगरातील दूधवाले व शेतकरी हे रोज करत असतात. साध्या गाडीची मर्यादा इंजिनात नसून जमिनीपासूनच्या उंचीत आहे. स्प्लेंडरचा तळ जमिनीपासून सुमारे १६५ मिलिमीटर वर असतो, एक्सपल्सचा सुमारे २२०. ही दोन इंचांची उंची दगड ओलांडताना फार उपयोगी पडते. उलट एक्सपल्सची सीट सव्वाआठशे मिलिमीटर उंच असल्यामुळे कमी उंचीच्या चालकाचे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. अशा माणसाने भिडेखातर उंच गाडी घेऊ नये. उताराच्या वाटेवर थांबताना पाय जमिनीला लागणे हे पुस्तकी आकड्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे. गाडी घेण्यापूर्वी दुकानाबाहेरच्या सपाट फरशीवर बसून न पाहता, एखाद्या चढावर आडवी उभी करून बसून पाहावी.

गाडीवर खर्च कोठे करावा

खर्च करायचा असेल तर तो आधी टायरवर करावा. कंपनीकडून येणारे टायर पुष्कळदा डांबरी आणि कच्च्या रस्त्यांचा मध्य साधणारे असतात. ज्याला पावसाळ्यात डोंगरात जायचे आहे त्याने ठळक खाचांचे टायर घालावेत, मात्र ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर तेच टायर कमी पकड देतात, हे लक्षात ठेवून घाट उतरताना वेग आवरावा. तारांच्या चाकांत ट्यूब असते. म्हणून कच्च्या रस्त्यावर हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. डांबरी रस्त्यासाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) कमी केल्यास टायर दगडावर पसरून बसतो आणि पकड स्पष्ट सुधारते. परंतु वीसच्या खाली गेल्यास धारदार दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून एकाच वेळी दोन भोके पडतात व रिमलाही पोचा येतो. हवेचा दाब मोजणारे छोटे मीटर खिशात असावे. अंगठ्याने टायर दाबून काढलेला अंदाज येथे कामाचा नाही. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण कमी हवेच्या टायरवर वेगाने वळण घेताना गाडी डुलते.

दुसरा खर्च इंजिनाखालच्या पत्र्याचा आणि हातांच्या संरक्षणाचा. हाताच्या पुढे लावायचे गार्ड केवळ काट्यांपासून बोटे वाचवण्यासाठी नसतात; गाडी पडली तर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर तेच वाचवतात, आणि क्लचचा लिव्हर तुटलेली गाडी डोंगरातून बाहेर काढणे फार जिकिरीचे असते. तरीही एक जादा क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारी, तशीच वळवून बांधून ठेवावी. तुटल्यास केवळ दोन्ही टोके बदलायची राहतात. तिसरा बदल अगदी स्वस्त आहे : पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चक्र, एका दाताने लहान केल्यास पहिला गिअर आणखी सावकाश चालतो आणि चढावर सतत अर्धा क्लच दाबून ठेवावा लागत नाही. महामार्गावरचा वेग थोडा कमी होतो, तो होऊ द्यावा. याउलट जाड लोखंडी क्रॅश गार्ड, धातूच्या पेट्या आणि त्यांचे सांगाडे हे सारे लावले की पंधरा-वीस किलो वाढतात, म्हणजे हलकी गाडी घेण्याचा हेतूच निम्मा फसतो.

सामान बारा किलोंच्या आत बसवावे. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, ट्यूब आणि पाणी, शक्य तितक्या खाली आणि सीटच्या जवळ ठेवाव्यात. कपडे आणि अंथरूण मागे. कापडी पिशव्या धातूच्या पेट्यांपेक्षा बऱ्या, कारण गाडी पडल्यावर पाय त्यांच्याखाली सापडला तरी इजा कमी होते. कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवली तरी चालतात. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, आणि पाटण-कोयना भागात अनेक ठिकाणी रेंज नसल्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

अंगावरच्या संरक्षणात हेल्मेटखालोखाल बुटांना महत्त्व आहे. घोट्याच्या वर येणारा, कडक तळव्याचा चामडी बूट आणि गुडघ्याचे कडक गार्ड एवढे जरी घातले तरी लहान-मोठ्या पडण्यातील बहुतेक दुखापती टळतात. रबरी गमबूट पाणी अडवतो, पण घोटा वाचवत नाही.

घराजवळचा सराव

सरावासाठी डोंगरात जाण्याची घाई करू नये. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गावागावांत पाणंद रस्ते आहेत. शेतातून जाणारे, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेले, कोठे फुफाटा तर कोठे दगड असे हे रस्ते शिकण्यासाठी उत्तम आहेत. आपल्या ओळखीच्या गावची पाणंद निवडावी आणि सकाळी, शेतकऱ्यांची बैलगाडी-ट्रॅक्टरची वर्दळ सुरू होण्यापूर्वी जावे. पिकात चाक घालू नये.

पहिला धडा उभे राहून गाडी चालवण्याचा. दोन्ही पाय फूटरेस्टवर, गुडघ्यांनी टाकी हलकी धरलेली, कोपर थोडे बाहेर, हँडलवर वजन नाही आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे. उभे राहिल्याने गाडी आपल्याखाली मोकळेपणाने डुलते आणि चाकाला बसणारा धक्का कमरेपर्यंत येत नाही. ज्यांना दोन मिनिटांत पोटऱ्या भरून येतात त्यांनी हँडल फार खाली तर नाही ना, हे पाहावे. वाकून उभे राहावे लागत असेल तर पाठ दुखणारच. चाकोरीत चाक गेले तर बाहेर येण्यासाठी हँडलशी झगडू नये. चाकोरीतच राहावे, गती कायम ठेवावी आणि ती उथळ होईल तेथे सावकाश बाहेर पडावे.

ब्रेकचा सराव स्वतंत्रपणे करावा. सव्वाशे सीसीहून मोठ्या बहुतेक नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, असते, आणि एक्सपल्स २०० सारख्या गाडीत ते केवळ पुढच्या चाकाला आहे. मागचे चाक ब्रेक दाबल्यास अडकते व सरकते. ते सरकणे घाबरून न जाता अनुभवले पाहिजे, म्हणून सपाट मुरमाच्या जागेवर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जाऊन मागचा ब्रेक मुद्दाम दाबावा आणि गाडी सरळ ठेवण्याचा प्रयत्न करावा. खड्या उतारावर मात्र पहिला गिअर आणि इंजिनाचा रोध हाच मुख्य ब्रेक असतो. क्लच दाबून गाडी सोडून देणे ही तेथे सर्वांत घातक सवय ठरते.

चढावर मध्येच गाडी बंद पडली तर काय करायचे, हे सपाटीवरच शिकून घ्यावे. पुढचा ब्रेक धरला तरी वजन मागे असल्यामुळे पुढचे चाक घसरत गाडी मागे जाते. अशा वेळी इंजिन बंद असतानाच पहिला गिअर राहू द्यावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन मागचे चाक धरून ठेवते आणि दोन्ही हात मोकळे होतात. मग वरच्या बाजूने उतरून, क्लच किंचित दाबत-सोडत, एकेक वीत गाडी मागे घेत ती आडवी करता येते. हलक्या गाडीचे मागचे चाक कॅरिअर धरून चक्क उचलून बाजूला सरकवता येते. दोनशे किलोच्या गाडीसाठी हेच काम दोघांचे होते.

पडलेली गाडी उचलणे

याचा सराव बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गाडी गवतावर स्वतः आडवी करून शिकावे. आधी चावी बंद करावी. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर उघडून ठेवावा, म्हणजे उभी होताच ती पलीकडे कलंडणार नाही. डावीकडे पडली असेल तर उभी केल्यानंतर स्टँड लावता येतो. पहिला गिअर टाकावा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून खालची मूठ टाकीजवळ आणावी. आता गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला कंबर टेकवून खाली बसावे, एका हाताने ती मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा कॅरिअर धरावा आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर लहान पावले टाकत मागे सरकावे. हातांनी ओढू नये, कारण पाठीत लचक भरते ती याच चुकीमुळे.

उतारावर चाके वरच्या अंगाला आणि टाकी खालच्या अंगाला अशी गाडी पडली असेल तर ती तशीच उचलण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. गाडी आडवीच असू द्यावी, पुढचे चाक धरून ती जमिनीवर फिरवावी आणि चाके उताराकडे आणावीत. मग उतारच उचलण्याचे अर्धे काम करतो. पेट्रोल सांडले असेल तर ते उडून जाईपर्यंत स्टार्टर मारू नये. पडल्यानंतर दोन मिनिटे बसून पाणी प्यावे. लगोलग निघाल्यास थरथरणाऱ्या हातांनी पुढच्या पन्नास मीटरांत पुन्हा पडण्याचीच शक्यता अधिक.

ओढा, फरशी पूल आणि चिखल

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे पावसाळ्यात गाडी कोणत्या बाजूला न्यायची, हा निर्णय तंत्रापेक्षा मोठा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नवशिक्याने पश्चिमेकडील घाटवाटा टाळून पूर्वेकडे जावे. पुसेगाव, वर्धनगड, दहिवडी, शिखर शिंगणापूर या भागातील मुरमाड माळ पाणी लवकर जिरवतो आणि सराव करता येतो. मात्र त्याच भागात, आणि सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठी तर सर्रास, काळी जमीन लागते. पावसानंतर काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी घातली तर दोनशे मीटरांत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती इतकी ठासते की चाक फिरायचे थांबते. ती काढायला काठी किंवा जुना चमचा लागतो, आणि काढून झाल्यावर पुढच्या वीस पावलांत ती पुन्हा भरते. शेतात वापसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल जाऊन जमीन कामाजोगी होईपर्यंत, नांगर घालत नाहीत. तोवर काळ्या रानातल्या वाटेवर चाकही घालू नये.

लाल मातीचा चिखल वेगळा वागतो. तो चिकटण्यापेक्षा घसरवतो. तेथे दुसरा गिअर, एकसारखा थ्रॉटल, ब्रेकला हात नाही, आणि वाटेच्या कडेचे गवत किंवा खडी शोधत जाणे हा मार्ग आहे. मागचे चाक जागेवर फिरू लागले की थ्रॉटल वाढवून खड्डा खोल करू नये. उतरावे, गाडीला हाताने जोर द्यावा आणि पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून चालावे. शंभर-दीडशे किलोच्या गाडीबरोबर असे चालता येते.

ओढ्याशी थांबल्यावर गाडी बंद करून आधी स्वतः पाण्यात उतरून पलीकडे जाऊन यावे. कोरडे मोजे वाचवण्यासाठी हे टाळू नये. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा गुडघ्याखाली असूनही पाय ओढत असेल, तर परत फिरावे. गढूळ लाल पाणी वरच्या डोंगरात नुकताच पाऊस झाल्याची खूण असते आणि ते अर्ध्या तासात आणखी चढू शकते. पाणी निवळ आणि उथळ असेल तर तळाचे मोठे दगड कोठे आहेत ते पायाने चाचपून मार्ग ठरवावा, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवून जावे आणि नजर पलीकडच्या काठावर ठेवावी. वाहत्या पाण्याकडे पाहिल्यास तोल जातो. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ते वाळतात.

गाडी पाण्यात पडलीच आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मुळीच मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी काठावर घ्यावी, एअर फिल्टरच्या डब्यातील पाणी काढावे, स्पार्क प्लग काढावा, मग स्टार्टर किंवा किक मारून सिलिंडरमधील पाणी प्लगच्या भोकातून बाहेर जाऊ द्यावे. इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

फरशी पुलांवर आणि खेड्यांतील काँक्रीटच्या रस्त्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. चारचाकीची चाके जातात त्या दोन पट्ट्यांत ते कमी असते, म्हणून त्या पट्टीतून, सरळ, ब्रेक न लावता आणि गिअर न बदलता जावे. माझ्या पाहण्यात चिखलापेक्षा या शेवाळावर अधिक माणसे पडतात, कारण चिखल पाहून सावध होणारा माणूस काँक्रीट पाहून निर्धास्त होतो.

पंक्चर स्वतः काढणे

पूर्वेकडच्या माळावर बाभळीचा काटा हा ठरलेला पाहुणा आहे, आणि रविवारी दुपारी पंक्चरवाला मिळेलच असे नाही. दोन टायर लिव्हर, एक नवी ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, काचपेपर, व्हॉल्व काढायची चावी, लहान पंप आणि ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना एवढे साहित्य हवे. पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन ट्यूब नेणे शक्य नसेल तर पुढची एकवीस इंची ट्यूब न्यावी. ती मागच्या अठरा इंची चाकात तात्पुरती बसवून गावापर्यंत येता येते.

गाडी साइड स्टँडवर उभी करून इंजिनाखालच्या पत्र्याला दुसऱ्या बाजूने दगडाचा आधार द्यावा, म्हणजे चाक अधांतरी होते. चाक काढून व्हॉल्व उघडावा आणि सगळी हवा जाऊ द्यावी. टायरची कडा बुटाच्या टाचेने दाबून रिमपासून सोडवावी. आता यातली गोम अशी की रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. लिव्हर लावाल त्याच्या समोरच्या बाजूला टायरवर गुडघा देऊन कडा त्या पन्हळीत उतरवली तर अलीकडची कडा सैल होऊन सहज बाहेर येते. ती उतरली नसेल तर कितीही जोर लावा, लिव्हर वाकेल आणि ट्यूब चिमटेल. लिव्हरने दरवेळी दोन-तीन बोटांएवढाच घास घ्यावा.

ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटे अगदी हलकेच फिरवावीत. काट्याचे टोक नखाला लागते. ते बाहेरून उपटले तर मोडून आत राहते, म्हणून आतून ढकलून काढावे. एक सापडला म्हणून थांबू नये, पूर्ण फेरा फिरवावा, कारण बाभळीच्या डहाळीवर काटे जोडीने असतात. पॅच लावायचा असेल तर ट्यूब काचपेपरने घासावी, सोल्यूशन पातळ पसरावे आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. घाईने ओल्यावर लावलेला पॅच टिकत नाही. नवी ट्यूब आकार येईल इतपत फुगवून मगच आत घालावी, टायर व्हॉल्वच्या समोरून चढवायला सुरुवात करून व्हॉल्वपाशी संपवावा, आणि शेवटच्या घासाला व्हॉल्व आत ढकलून ट्यूब लिव्हरखाली येत नाही ना हे पाहावे. घरी अंगणात हे सारे काम करून पाहिलेल्या माणसाला माळावर ते अवघड जात नाही.

वाटांची पारख

येथे मला आग्रहाने सांगायचे आहे की दिसेल त्या पठारावर गाडी घालणे म्हणजे साहस नव्हे. कास पठार हे २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर जाडीचाही नसतो, आणि त्याच थरात पुढच्या पावसाळ्याची फुले बीज आणि कंद होऊन पडून असतात. साताऱ्याच्या सड्यांवरील डबक्यांत उगवणारी वायतुरा ही वनस्पती या भागाबाहेर सहसा आढळत नाही. अशा ओल्या सड्यावरून एक चाक फिरले तरी माती उखडून पहिल्या पावसात वाहून जाते. कास, चाळकेवाडी किंवा सडावाघापूर येथे गाडी डांबरी अथवा रुळलेल्या रस्त्यावरच ठेवावी आणि सड्यावर पायी जावे, तेही परवानगी असेल तेथेच. फुलांच्या हंगामात कासला वाहनांवर निर्बंध असतात, त्यांची आधी चौकशी करावी. पवनचक्क्यांकडे जाणारे अनेक मुरमाचे फाटे खासगी आहेत. फाटक किंवा पहारेकरी असेल तर विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. त्यातील वाटा मोटारसायकलसाठी नाहीत. वासोटा किल्ल्यावर जायचे असेल तर गाडी बामणोलीला ठेवून वन विभागाच्या परवानगीने नावेतून जावे लागते. याशिवायही फिरायला भरपूर उरते : साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर आणि चाळकेवाडीचा रस्ता, मेढ्याहून केळघरचा घाट, तारळ्याहून सडावाघापूरची चढण, सांगली जिल्ह्यात शिराळ्याच्या पश्चिमेचे गुढे-पाचगणीचे पठार, मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर, जतकडचे माळरान. नवशिक्याने चाळकेवाडीपासून सुरुवात करावी, कारण रस्ता सुस्पष्ट आहे आणि कंटाळा आला किंवा धुके उतरले तर परतणे सोपे आहे.

नकाशात दिसणारी बारीक रेघ बैलगाडीची वाट आहे की पायवाट, हे नकाशा सांगत नाही. ते गावात विचारावे लागते. “हा रस्ता पुढे जातो का?” असे विचारल्यास “जातो की” असेच उत्तर येते, कारण पायी जाणाऱ्यासाठी तो जातोच. त्याऐवजी, “मामा, दोन-तीन दिवसांत या वाटेनं कुणाची मोटारसायकल गेली का?” असे विचारावे. मग नेमके कळते : “पोरं नेत्यात गाडी, पर वढ्याला पाणी हाय, खालनं जावा.” वाटेत गुरे दिसली तर इंजिन बंद करून त्यांना जाऊ द्यावे. गावातून जाताना सायलेन्सरचा आवाज वाढवून जाणाऱ्या एका माणसामुळे मागून येणाऱ्या सगळ्यांसाठी वाट बंद होते.

संध्याकाळी अंधार पडण्याच्या तासभर आधी डांबरी रस्त्याला लागलेले बरे. महाबळेश्वर, कास आणि कोयनेच्या बाजूला तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. गव्याला हॉर्न वाजवून हटवू पाहू नये, लांबच थांबावे. खाली कऱ्हाड-सांगली पट्ट्यात गाळप हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, त्यांतील काहींना मागे दिवा नसतो आणि बाहेर आलेला ऊस हँडलच्या उंचीवर लोंबत असतो. दिवसभर डोंगरात नीट गाडी चालवलेल्या माणसाचा अपघात पुष्कळदा घरापासून दहा किलोमीटरवर याच रस्त्यांवर होतो. एकटे जाणार असाल तर घरी मार्ग आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी. अपघातात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, पण रेंज नसलेल्या खोऱ्यात ते लावायला आधी खिंडीपर्यंत वर यावे लागते.

परत आल्यावर

गाडी त्याच दिवशी साध्या पाण्याच्या धारेने धुवावी. जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू नये, कारण तो आतले ग्रीस धुऊन नेतो. धुतल्यावर चेन पुसून, गाडी थोडी फिरवून गरम असतानाच तिला वंगण द्यावे; चिखलातून आलेल्या गाडीची चेन पाचशे किलोमीटरांची वाट न पाहता लगेच साफ करावी. माणदेशाच्या फुफाट्यातून आलात तर एअर फिल्टर उघडून पाहावा. चाकांच्या तारा पान्याच्या टोकाने एकेक वाजवून पाहाव्यात : ताणलेली तार टणक वाजते, सैल तार बद्द आवाज करते. अशी तार सापडली तर पुढच्या फेरीआधी चाक मेकॅनिककडून ओढून घ्यावे, कारण एक सैल तार शेजारच्या तारांवर भार टाकते आणि दगडावर पहिला जोराचा धक्का बसताच त्याही तुटू लागतात.